सोमवारच्या सह्या

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास कोर्टाची प्रोबेशन ऑफिसर न सांगतासवरता रुग्णालयाच्या धुलाईघरात आली, तेव्हा ड्रायव्हर कोपरापर्यंत थंड पाण्यात होता. रक्ताच्या चादरी आधी थंड पाण्यातच भिजवायच्या, गरम पाणी लागलं की डाग कापडात कायमचा मुरतो, हे त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आता हे काम त्याच्याइतकं नीट तिथे दुसरं कोणी करत नव्हतं. ऑफिसर वयाने लहान, त्याच्या धाकट्या बहिणीएवढी, पण तिच्या हातात फाईल होती आणि याच्या हातात चादर, त्यामुळे वयाचा काही उपयोग नव्हता. "कार्ड बघू जरा," ती म्हणाली. त्याने हातमोजे काढले, हात पुसले आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड मोठ्या ऐटीत पुढे केलं.

"आज गुरुवार ना?" ऑफिसर कार्डावरून बोट फिरवत म्हणाली.

"हो मॅडम."

"मग यावर उद्याची सही कशी काय? आणि परवाचीसुद्धा?"

ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने कार्डाकडे पाहिलं. सह्या होत्या खऱ्या. दर सोमवारी होत होत्या, गेले सात आठवडे, त्याच्या डोळ्यांदेखत. आणि त्यात काही वावगं आहे असं त्या गड्याला एकदाही वाटलं नव्हतं.

हे कार्ड काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर त्याची धडधड तुम्हाला कळायची नाही. एकोणीस वर्षं तो पार्सलची व्हॅन चालवत होता. गाडीला कधी ओरखडा नाही. मग एका दुपारी पत्ता बघायला त्याने फोनकडे मान वळवली, दोन ओळी वाचायला लागतो तेवढाच वेळ, आणि समोरची सायकलवाली बाई बंपरखाली गेली. पाय दोन ठिकाणी मोडला. बरं, एवढं होऊन तरी माणसाने गप खरं सांगावं. याने पोलिसांना सांगितलं, ब्रेक लागला नाही. चार महिन्यांनी फोनच्या नोंदी निघाल्या आणि पितळ उघडं पडलं. न्यायाधीशांनी सहा महिन्यांची कैद सुनावली, मग चष्मा काढून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि ती कैद बाजूला ठेवली. पहिलाच गुन्हा, घरी बायको आणि शाळेतली मुलगी. त्याऐवजी दोनशे तास सरकारी रुग्णालयात फुकट काम, रोज चार तास, पन्नास दिवस, आणि दर दिवसाची सही. "अपघातासाठी मी तुम्हाला आत पाठवणार नव्हतो," ते म्हणाले होते. "खोटं बोललात त्यासाठी पाठवणार होतो. या कार्डावरचा एक दिवस जरी खोटा निघाला, तर सहा महिने आत. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

कार्डावर पन्नास चौकोन होते. आठ कोरे उरले होते.

आता धुलाईघराची रीत. तिथे मुकादमबाईंचं राज्य होतं. तेवीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं बाकी, आवाज असा की ड्रायरची घरघर खाली बसावी. आठ वाजता पाणी सुरू झालं की दोन वाजेपर्यंत तिथे कोणाचे हात कोरडे नसत. पूर्वी रोज सह्या व्हायच्या, तर शाई फुटायची, पानं चिकटायची, एकदा तर अख्खं हजेरीचं रजिस्टर वाफेने फुगून बसलं. तेव्हापासून बाईंनी आपला कायदा केला. सोमवारी पाणी सुरू व्हायच्या आधी, कोरड्या हातांनी, सगळ्यांच्या आठवडाभराच्या सह्या एकदम करून टाकायच्या. जो ज्या दिवशी येणार नाही, त्याच्या त्या दिवसावर त्याच दिवशी लाल रेघ. त्यामुळे तिथे सहीला काडीची किंमत नव्हती. किंमत होती ती लाल रेघेला. रेघ नाही म्हणजे माणूस आला होता. इस्त्रीच्या रुळावरचे तात्या तर म्हणायचे की बाईंची लाल रेघ यमालासुद्धा पुसता यायची नाही. कोर्टाचं कार्ड आलं तेव्हा बाईंनी तेही रजिस्टराशेजारी ठेवलं आणि त्याच हाताने सोमवारी सहा सह्या ठोकल्या. कोणाला विचारायचं, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

हे सगळं बाईंनी ऑफिसरला सांगितलं, हात कमरेवर ठेवून, जरा चिडूनच.

"बाई, हा कोर्टाचा कागद आहे," ऑफिसर म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, हेच ड्रायव्हरला जास्त भीतीदायक वाटलं. "न झालेल्या दिवसाची सही म्हणजे खोटी सही. मला हे न्यायाधीशसाहेबांना कळवावंच लागेल. मंगळवारी दोघांनाही बोलावतील. आणि खरं सांगू, दोन सह्या आगाऊ निघाल्यावर मागच्या चाळीसांवर कोण विश्वास ठेवणार?"

"रजिस्टर ठेवेल," बाई म्हणाल्या.

"म्हणजे हे एकही दिवस चुकले नाहीत?"

"रजिस्टरात असेल ते असेल. रजिस्टराचं कपाट ऑफिसच्या ताब्यात आहे, त्यांच्याकडून मागवा. मी माझ्या हाताने देणार नाही, नाहीतर म्हणाल बाईने आयत्या वेळी रेघा मारल्या."

दुपारी ऑफिसचा शिपाई आला, रजिस्टर पाकिटात घातलं, लाखेचा शिक्का मारला आणि घेऊन गेला. ऑफिसरने जाताना सांगितलं की मंगळवारपर्यंत दोघांनी या विषयावर आपापसात बोलायचं नाही. काम चालू ठेवायचं. ड्रायव्हरने मान हलवली आणि पुन्हा पाण्यात हात घातले, पण आता त्याला पाणी थंड आहे की गरम ते कळत नव्हतं.

कारण एक दिवस खोटा होता.

तीन आठवड्यांपूर्वीचा बुधवार. तो नेहमीसारखा पावणेआठला रुग्णालयाच्या फाटकाशी आला, आणि आत, उतारावर, दोन्ही काखेत कुबड्या घेतलेली ती सायकलवाली बाई चालत होती. व्यायामासाठी येत असणार. कोर्टात तिला त्याने खुर्चीत बसलेली पाहिली होती. चालताना पाहिली नव्हती. एक पाऊल टाकायची, थांबायची, ओठ घट्ट मिटायची, मग दुसरं. तिने याला पाहिलंही नाही. याचे पाय मात्र तिथल्या तिथे वळले. दोन चौक पलीकडच्या बागेत तो एका बाकावर जाऊन बसला आणि बारा वाजेपर्यंत बसून राहिला, नोकरी गेलेला माणूस घरी सांगायला घाबरतो तसा. मग घरी गेला. बायकोने विचारलं, "झाले का चार तास?" तो म्हणाला, "झाले."

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात कोणी काही बोललं नाही. बाईही नाहीत. कार्ड त्याच्या खिशात होतं, त्यावर बुधवारची सही सोमवारपासून बसलेली होती, आणि त्यावर लाल रेघ मारायला ते खिशातून बाहेर काढायला हवं होतं. त्याने काढलं नाही. पुढच्या सोमवारी बाईंनी कार्ड हातात घेतलं, त्यावर क्षणभर नजर ठेवली आणि नव्या आठवड्याच्या सह्या करून परत दिलं. त्याला वाटलं, विसरल्या. मग वाटलं, विसरल्या नाहीत, सोडून दिलं. भलं माणूस आहे. असं म्हणत त्याने मूग गिळले, आणि तीन आठवडे गिळलेलेच ठेवले.

आता ते पाकिटात होतं. रजिस्टरात त्या बुधवारी लाल रेघ आहे की नाही, एवढाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर लाखेच्या शिक्क्याखाली. रेघ असेल आणि कोर्टात हा म्हणाला की मी रोज आलो, तर गेला सहा महिने आत. रेघ नसेल आणि हा खरं बोलून बसला, तर हा आत जाईलच, वर मुकादमबाईंना घेऊन बुडेल, कारण मग त्यांनी खोटी हजेरी लावली असं सिद्ध होईल. दोन वर्षांत निवृत्ती असलेल्या बाईला त्याच्यापायी बेड्या. शुक्रवारी त्याने चादरी मोजल्या त्या तीनदा चुकल्या. शनिवारी उशांच्या खोळींच्या ढिगात कोणाची तरी कवळी सापडली, सगळे हसले, तात्या म्हणाले, "ड्रायव्हर, तुला बसतेय का बघ," आणि हा तिथे उभा राहून कवळीकडे नुसता बघत राहिला.

रविवारी सकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती कपडे अल्टर करायचं काम घरीच करायची. शिलाईयंत्र थांबलं.

"म्हणजे तुम्ही मलाही फसवलंत."

"हो."

"आणि आता?"

"तेच कळत नाहीये. विचारलं तर काय सांगू?"

तिने सुई कापडातून काढली, खोचून ठेवली, पुन्हा काढली. मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती, म्हणून ती हळू आवाजात बोलली, पण एकेक शब्द चावून. "हे बघा. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. बाईंनी तुमच्यावर उपकार केलेत. एवढ्या वर्षांच्या अनुभवी बाई, त्या काय विसरणार? त्यांनी ठरवून सोडलंय. आता तुम्ही सत्यवादी व्हायला गेलात तर त्या बिचाऱ्या तोंडघशी पडतील. स्वतःचं सोडा, त्यांचा तरी विचार करा."

आणि गंमत अशी की हे त्याला पटलं. गप्प बसणं म्हणजे घाबरणं नाही, गप्प बसणं म्हणजे इमान राखणं, असं म्हटलं की भीतीलासुद्धा चांगला सदरा घातल्यासारखं होतं. दिवसभर त्याने तो सदरा अंगावर ठेवला. संध्याकाळी मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, तुमचे हात किती पांढरे पडलेत," तेव्हा त्याने ते पटकन मांडीखाली घेतले.

सोमवारी तो साडेसातलाच पोचला. बाई एकट्याच होत्या, कोरड्या हातांनी, टेबलाशी. समोर रजिस्टर नव्हतं, त्यामुळे त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं, त्या नुसत्या पेनाचं टोपण लावत आणि काढत होत्या. इतकी वर्षं तिथे काढलेली बाई अशी रिकामी बसलेली त्याला पाहवेना.

"बाई, तो बुधवार..."

"बोलायचं नाही असं सांगितलंय ना आपल्याला?"

"एकच विचारतो. रजिस्टरात..."

"उद्या साहेब विचारतील त्याचं उत्तर दे. मला विचारू नकोस." त्यांनी टोपण लावलं. "तिसऱ्या हौदाचा नळ गळतोय, बघ जरा."

त्याने नळ बघितला. नळ गळत नव्हता. बाईंचा चेहरा वाचायचा त्याने दिवसभर प्रयत्न केला, पण तो चेहरा बंद कपाट होता. कधी वाटायचं, त्या सांगतायत की मी सांभाळलंय, तू बोलू नकोस. कधी वाटायचं, त्या सांगतायत की आता तुझं तू बघ. तोच चेहरा, तेच शब्द, आणि अर्थ दोन, एक घरी नेणारा आणि एक तुरुंगात.

मंगळवारी कोर्टात त्यांचा नंबर अकरा वाजता लागला. खोली लहान होती, पंखा आवाज करत होता, भिंतीला नवा रंग दिला होता त्याचा वास यायचा. ड्रायव्हर उभा. ऑफिसर एका बाजूला, मुकादमबाई दुसऱ्या बाजूला खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. मागे बायको. पाकीट न्यायाधीशांच्या टेबलावर, शिक्का तसाच.

ऑफिसरने सगळं मांडलं, उगाच तिखटमीठ न लावता. हेही सांगितलं की तिने जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा हा माणूस मन लावून काम करत होता. मुकादमबाईंनी रीत सांगितली. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, "म्हणजे आधी सही आणि मग गैरहजेरी?" बाई म्हणाल्या, "हो साहेब, हात कोरडे सोमवारीच असतात." न्यायाधीशांनी पेन ठेवलं आणि ड्रायव्हरकडे वळले.

"पाकीट उघडायच्या आधी मी तुम्हाला एकच विचारतो. या कार्डावर सही आहे, पण तुम्ही कामाला गेला नव्हतात, असा एखादा दिवस आहे का?"

उत्तर तयार होतं. नाही साहेब. रात्रंदिवस घोकलेले दोन शब्द. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई पर्सच्या चेनकडे बघत होत्या. त्याने मागे पाहिलं नाही. त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याला आठवलं, पोलिसांना "ब्रेक लागला नाही" म्हणताना किती सोपं गेलं होतं. जिभेवरून लोण्यासारखं. आणि मग चार महिने फोन वाजला की तो दुसऱ्या खोलीत जायचा, दारावर टकटक झाली की आधी खिडकीतून बघायचा, मुलीने "बाबा" म्हटलं तरी दचकायचा. त्याला एकाएकी खरेपणाचा पुळका आला, असं मी सांगणार नाही. आणखी एक खोटं सांभाळायची त्याच्यात ताकद उरली नव्हती, एवढंच.

"आहे साहेब," तो म्हणाला. "एक आहे. तीन आठवड्यांपूर्वीचा बुधवार."

मागे बायकोच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"कुठे होतात?"

"बागेत. बाकावर. फाटकातून आत ती सायकलवाली बाई चालताना दिसली, कुबड्यांवर. माझ्याने आत जाववेना."

"आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं नाहीत."

"नाही. कार्ड खिशातच ठेवलं. मुकादमबाईंचा यात काही दोष नाही साहेब, त्यांना मी..." आणि इथे तो थांबला, कारण बाईंना वाचवायला पुढे काय बोलावं हे त्याने ठरवलंच नव्हतं.

न्यायाधीशांनी हाताने थांबवलं. शिक्का फोडला. रजिस्टर काढलं, एकेक पान उलटू लागले. ड्रायव्हरने कठड्याला हात लावला. पंख्याचा आवाज, पानांचा आवाज. न्यायाधीश एका पानावर थांबले, कार्ड शेजारी ठेवलं, बोटाने तारीख जुळवली. मग रजिस्टर उलटं फिरवून त्याच्यासमोर धरलं.

बुधवारच्या चौकोनात बाईंची सही होती, आणि तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेघ.

"तुमच्या उत्तराआधी मी हे उघडलं असतं तर गोष्ट वेगळी होती," न्यायाधीश म्हणाले. "म्हणून उघडलं नाही." त्यांनी बाकीची पानं चाळली. तात्यांच्या नावावर रेघा होत्या, इतरांच्या नावावर होत्या, एका ठिकाणी बाईंनी स्वतःच्या नावावरसुद्धा मारलेली होती. रजिस्टर त्यांनी मान्य केलं. रेघ नसलेले सगळे दिवस धरले. चुकवलेला दिवस भरून द्यायचा आणि तो लपवल्याबद्दल आणखी दहा दिवस. नवं कार्ड, सही रोज, काम झाल्यावर. कैद होती तिथेच, बाजूला. मग ते बाईंकडे वळले. "तुमच्या ऑफिसला मी लेखी कळवणार आहे. पुन्हा असं केलंत तर तुम्हालाही दोनशे तास धुलाईघरात काढावे लागतील."

"तेवीस वर्षं तिथेच काढलीत साहेब," बाई म्हणाल्या, आणि न्यायाधीशांनी घाईने पुढची फाईल ओढली.

बाहेर व्हरांड्यात ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला हसू येत होतं की रडू ते त्यालाच कळत नव्हतं. बायको शेजारी येऊन उभी राहिली. बाई पर्स खांद्याला लावून पुढे निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"रेघ तेव्हाच मारली होती?" त्याने विचारलं.

"त्याच दिवशी, दोन वाजता. माझं रजिस्टर आहे, मला कोणी सांगायला लागत नाही." बाई त्याच्याकडे बघत होत्या. "कार्ड तुझं होतं. दर सोमवारी ते हातात घेऊन मी वाट बघायचे की आता बोलशील, मग बोलशील. तू आपला भिंतीकडे बघायचास."

"मग कालच सांगितलं असतंत तर..."

"तर काय? मग तू मला घाबरून खरं बोलला असतास."

मग जो प्रश्न विचारायचा नव्हता तो त्याने विचारलाच. "आणि मी आत 'नाही साहेब' म्हणालो असतो तर?"

"तर मी उठले असते," बाई म्हणाल्या. "साहेबांनी पाकीट उघडायची वाटसुद्धा बघितली नसती. तुझ्यासमोर सांगितलं असतं की हा खोटं बोलतोय. आणि मग जन्मभर त्याचं वाईट वाटून घेतलं असतं."

त्या जिना उतरून गेल्या. ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"मी तुम्हाला काय करायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "रविवारी. मी काय सांगितलं होतं तुम्हाला."

त्याने तिला बाकावर बसवलं आणि तिच्यासाठी पाणी आणायला गेला.